घोंगडं गरम नसतं

प्राथमिक शाळेतला 'थंड प्रदेशातील प्राणी' हा तक्ता तुम्ही पाहिला असेलच. पांढराशुभ्र बर्फ, त्यावर उभं असलेलं ध्रुवीय अस्वल आणि त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून पेंग्विन! प्रत्यक्षात या दोघांची जन्मात कधी गाठ पडत नाही. अस्वल पृथ्वीच्या उत्तर टोकाकडं राहतं आणि पेंग्विन जवळजवळ सगळे दक्षिण गोलार्धात. पण ही चूक मी एक वेळ सोडून देईन. मध्ये खडूची एक रेघ ओढली की ती दुरुस्त होते. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. थंडीत प्राणी कसे तग धरतात हे शिकवायला आपण सुरुवातच इतक्या लांबून का करतो?

आमच्या मुरगूडचंच घ्या. वेदगंगेच्या काठचं गाव. सगळीकडं ऊस, थंडीत गुऱ्हाळं. थंडी फारच पडली तर पारा १०-१२ अंशांवर येतो. बर्फ मुलांनी पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर फ्रीजमध्ये. अशा मुलांपुढं आपण एकदम उत्तर ध्रुव आणून ठेवतो. मुलं हुशार असतात, ती उत्तर पाठ करतात. 'ध्रुवीय अस्वलाचे थंडीपासून रक्षण कशामुळे होते?' 'दाट केस व चरबीमुळे.' दोन पैकी दोन गुण. बाई खूश, मुलं खूश, पालक खूश.

आता याच मुलाला पुढचा प्रश्न विचारून बघा. केसांमुळं रक्षण होतं म्हणजे नेमकं काय होतं? माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाला दर वर्षी एकच उत्तर आलं. "बाई, केस गरम असतात."

यात मुलाचा दोष नाही. आपली भाषाच तसं बोलते. 'गरम कपडे घाल', 'स्वेटर गरम आहे', 'घोंगडं लई ऊब देतंय'. मुलानं जन्मापासून हेच ऐकलेलं. त्यामुळं त्याच्या मनात पक्कं बसतं की घोंगड्यात कुठंतरी ऊब भरून ठेवलेली आहे आणि ती आपल्याला मिळते. जोवर ही समजूत जागची हलत नाही तोवर अस्वल, सील, पेंग्विन, याक सगळे फुकट. नावं वाढतात, समज वाढत नाही.

म्हणून मी म्हणते, धडा घोंगड्यापासून सुरू करावा. आपल्या कोल्हापूर भागात घोंगडं काही अनोळखी नाही. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सनगरांनी विणलेलं, चिंचोक्याची खळ दिलेलं, अंगाला टोचणारं घोंगडं अजूनही बऱ्याच घरांत सापडतं. वर्गात ते आणायचं. गोळेवाल्याकडून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणायचे. एक ताटलीत उघडा ठेवायचा आणि दुसरा घोंगड्यात नीट गुंडाळायचा. मग मुलांना विचारायचं, आधी कुठला वितळेल?

"बाई, घोंगड्यातला लगेच वितळंल की! घोंगडं गरम असतंय न्हवं!" सगळा वर्ग एका सुरात.

अर्ध्या तासानं घोंगडं उघडायचं. उघड्या ताटलीत पाणी झालेलं असतं आणि घोंगड्यातला तुकडा चांगला शिल्लक. त्या वेळी मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात! मग वाद सुरू होतो. "बाई, तुम्ही घोंगड्यात मोठा तुकडा ठेवला." "परत करूया." दोन-तीनदा करून पाहिल्यावर कुणीतरी एखादी मुलगी हळूच म्हणते, "म्हंजे घोंगडं गरम करत न्हाई, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवतंय."

बस्स! धडा संपला. पुढचं सगळं या एका वाक्यात बसतं.

बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हाची एक गोष्ट इथंच सांगून टाकावी. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून एक जहाज तलावातला गोठलेला बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. चार महिन्यांचा प्रवास, तोही विषुववृत्त ओलांडून. निघताना साधारण १८० टन बर्फ होता, पोचताना सुमारे १०० टन उरला होता. त्याला गुंडाळलं होतं कशात, तर झाडाच्या वाळक्या सालीच्या भुशात. भुसा काही गार नसतो आणि घोंगडं काही गरम नसतं. दोघांचं काम एकच. त्यांच्या बारीक बारीक पोकळ्यांत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजी पुढं जाऊ देत नाही.

मग ऊब येते कुठून? तर अंगातून. खाल्लेल्या भाकरीतून. आपलं अंग ३७ अंशांच्या आसपास असतं, मेंढीचं त्याहून थोडं जास्त, कोंबडीचं तर ४१ अंशांच्या आसपास. ही चूल प्रत्येकाच्या आत पेटलेली असते. बाहेर थंडी वाढली की प्रश्न एवढाच उरतो की आतली ऊब राखायची कशी. थंडीच्या पहाटे चिमणी पिसं फुलवून गोटीसारखी गोल होऊन बसते ती याचसाठी. पिसांखाली जास्त हवा धरते. कुत्रं मुटकुळं करून नाक शेपटीत खुपसतं. उत्तर ध्रुवाकडचा पांढरा कोल्हा हुबेहूब असाच झोपतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणाशेजारी राखेत पडून राहणारं कुत्रं मात्र बाहेरची ऊब घेतं. ऊब घेणं वेगळं आणि राखणं वेगळं, हा फरक मुलांनी आपल्याच गल्लीत बघावा.

आमच्या गावांत फौजी पुष्कळ. एकदा एका मुलाचे वडील सुट्टीवर आले होते, त्यांना मी वर्गात बोलावलं. सियाचीनला राहून आलेले. तिथं थंडीत पारा उणे ५० पर्यंत उतरतो. त्यांनी मुलांना सांगितलं की एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा एकावर एक तीन-चार कपडे घातलेले बरे, मधली हवा कामाला येते. मुलं लगेच ओरडली, "घोंगड्यासारखं!" आमच्या घोंगड्याची लोकर राठ असते, तर लडाखच्या चांगथांग पठारावरच्या पश्मिना शेळीच्या अंगावर लांब केसांखाली अतिशय बारीक केसांचा मऊ थर असतो. केस जितके बारीक आणि दाट, तितकी हवा जास्त अडकते. बघा, मुरगूडहून निघालेली मुलं दोन पावलांत लडाखला पोचलीसुद्धा.

आता दुसरी पायरी. इथं मी जरा जास्त थांबते, कारण हा विषय गंमतीचा नाही.

डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला होता, आठवत असेल. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पारनेर भागात एका रात्रीत शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. वर्तमानपत्रांत फोटो होते. चिखलात ओळीनं पडलेली मेंढरं आणि बाजूला डोक्याला हात लावून बसलेला मेंढपाळ. त्या रात्री तिथं काही बर्फ पडला नव्हता. पारा शून्याच्या आसपासही नव्हता. मग अंगावर लोकर असलेला प्राणी थंडीनं मेला कसा?

जिला घोंगड्याचा धडा कळला आहे ती मुलगी याचं उत्तर देऊ शकते. लोकर भिजली. जिथं हवा होती तिथं पाणी शिरलं. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा कितीतरी भरभर निघून जाते, त्यात वारा सुटला की संपलंच. माझ्या वर्गातला एक धनगराचा मुलगा एरवी मागच्या बाकावर गप्प असायचा. या धड्याच्या वेळी उभा राहून म्हणाला, "बाई, भिजलेलं बकरू उचलाय लई जड लागतंय. आमचा आज्जा त्येला आधी पुसतोय, मग घोंगड्यात घेतोय. वल्लं तसंच घेतलं तर जगत न्हाई." त्याच्या आज्ज्यानं विज्ञानाचं पुस्तक उघडलं नसेल, पण हवा, पाणी आणि ऊब यांचा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. तक्त्यापासून सुरुवात केली असती तर हा मुलगा उभा राहिला असता का? मला नाही वाटत.

आणि इथूनच चरबीचा प्रश्न आपोआप येतो. भिजल्यावर केसांचा उपयोग कमी होतो, तर मग बर्फाच्या पाण्यात राहणाऱ्यांनी काय करावं? देवमाशाच्या अंगावर तर केस जवळजवळ नसतातच. चरबी कातडीच्या आत असते, ती भिजत नाही! उत्तरेकडच्या समुद्रातल्या एका जातीच्या देवमाशाची चरबी जवळजवळ अर्धा मीटर जाड असू शकते. ध्रुवीय अस्वलाला जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडं वावरायचं असतं, म्हणून त्याच्याकडं दोन्ही गोष्टी. उलट समुद्री ऊदमांजराकडं असा चरबीचा थर नाही. मग त्याचे केस जगातल्या सगळ्या प्राण्यांपेक्षा दाट, इतके की आतल्या थरापर्यंत पाणी पोचतच नाही, आणि ते बिचारं दिवसभर आपले केस साफ करत बसतं.

चरबीचा अनुभवही वर्गात देता येतो. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालायच्या आणि मध्ये डालडाचा चांगला जाड थर द्यायचा. या पिशवीत हात घालून तो बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. दुसरा हात नुसत्या पिशवीत. नुसत्या पिशवीतला हात मुलं वीस-पंचवीस आकडे मोजेपर्यंत बाहेर काढतात. डालडातला हात आरामात राहतो. एवढं केल्यावर 'चरबीमुळे' हा शब्द फळ्यावर लिहायचीसुद्धा गरज पडत नाही.

तिसरी पायरी पेंग्विनची. तिचं दार आहे खुडूक कोंबडी. गावातल्या मुलांना ठाऊक असतं की कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते. तिच्या पोटाखाली हात घालून पाहिलेलं असतं. तिथली पिसं विरळ झालेली असतात आणि उघडी गरम कातडी अंड्याला टेकते. आता सांगा, की दक्षिण ध्रुवाजवळ अंटार्क्टिकात एम्परर पेंग्विनचा नर भर हिवाळ्यात हेच करतो. अंडं बर्फावर टेकू न देता आपल्या पायांवर घेतो, वरून पोटाची घडी सोडतो आणि सुमारे दोन महिने तसाच उभा राहतो, काही न खाता. पारा उणे ४० आणि वर वादळ. अशा वेळी शेकडो पेंग्विन एकमेकांना चिकटून घोळका करतात. त्या घोळक्याच्या आत कधी कधी ३७ अंशांपर्यंत ऊब मोजलेली आहे! घोळका हळूहळू सरकत राहतो, त्यामुळं कडेचे आत येतात आणि आतले कडेला जातात.

हेही करून बघता येतं. गरम पाण्याचे सात स्टीलचे पेले घ्यायचे. सहा एकमेकांना चिकटवून आणि एक लांब एकटा. थोड्या वेळानं मुलांनी बोट बुडवून बघायचं.

चौथी पायरी सगळ्यात सोपी: निघून जाणं. थंडीत आमच्या सर पिराजीराव तलावाच्या काठावर शेपटी वरखाली करत परीट फिरतो. तो हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेला पाहुणा. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला येणारे पट्टकदंब हंस तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. तिकडची तळी गोठतात आणि खायला मिळेनासं होतं. मग आतली चूल पेटती ठेवायची कशी? म्हणून मुक्काम हलवायचा.

आता मुंबईचं एक उदाहरण देते. राणीच्या बागेत म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले आणि २०१७ साली ते लोकांना पाहायला खुले झाले. शाळांच्या सहली गेल्या, काचेपलीकडची गार खोली बघून आल्या. मुलं परत येऊन निबंधात लिहितात, 'पेंग्विन बर्फात राहतात म्हणून त्यांच्यासाठी थंडगार खोली केली आहे.' गंमत अशी, की हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन मुळी बर्फातले नाहीतच. ते पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावरचे, जिथं एका बाजूला गार समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट. त्यांच्या चोचीजवळ पिसं नसलेली गुलाबी कातडी असते, ती जादा उष्णता बाहेर टाकायला. त्यांची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात. आमच्या मुरगूडची थंडीतली पहाट याहून गार असते! 'पेंग्विन म्हणजे बर्फ' असं पाठ केलेल्या मुलाला हे समोर असून दिसत नाही. ज्याला ऊब राखणं कळलं तो मात्र विचारेल, की या पेंग्विनच्या तोंडावर पिसं का नाहीत? असा एक प्रश्न मला दहा पाठ उत्तरांपेक्षा मोलाचा वाटतो.

अर्धवट माहितीचंही तसंच. ध्रुवीय अस्वलाचे केस खरं तर पांढरे नसून पारदर्शक असतात आणि कातडी काळी असते, हे खरं आहे. पण त्या केसांतून ऊन वाहत येऊन कातडीला शेकतं ही जी चमकदार गोष्ट सांगितली जाते, ती खरी नाही. १९९८ साली एका अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं केसांतून किती प्रकाश जातो ते मोजून ती खोडून काढली. तरी ती सांगितली जातेच. मुळात गरजच काय? अस्वलाचे केस घोंगड्याचंच काम करतात, हे काय कमी नवल आहे?

यावर काही मंडळी म्हणतील, "बाई, मुलांना अस्वल आवडतं, पेंग्विन आवडतो. त्यांना मेंढी आणि कोंबडी दाखवून कंटाळा का आणता? खेड्यातल्या मुलांनी काय खेड्यातलंच शिकायचं?" हा आक्षेप मी मनापासून ऐकते, कारण त्यामागची भीती खरी आहे. परिसराच्या नावाखाली मुलाला परिसरातच डांबून ठेवणं हा अन्याय होईल. पण मी अस्वल दाखवू नका म्हणत नाही. अस्वलापर्यंत चालत जा म्हणते. उचलून नेऊन ठेवलेलं मूल परत येताना काही घेऊन येत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढं अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडला पानं, बिया, दगड, माती यांनाच शिक्षणाचं साहित्य केलं. हे त्यांनी मुलांना कमी मिळावं म्हणून केलं नव्हतं. हाताशी असलेल्या वस्तूवर मूल आत्मविश्वासानं बोलतं, म्हणून केलं.

आणि लांब तर जायचंच आहे! औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या तिथं पोचलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया. हे मी वर्गात दर वर्षी सांगत असे, विशेषतः मुलींना.

शेवटी एक गोष्ट, खास शिक्षकांसाठी. कपातला चहा लगेच निवतो, पातेल्यातला उशिरा. लहान आकाराचा जीव आपली ऊब लवकर घालवतो. म्हणून मेंढीच्या आधी कोकरू गारठतं, आणि म्हणूनच सकाळच्या शाळेत आपल्याला शाल पुरते तेव्हा पहिलीतलं पोर पातळ सदऱ्यात कुडकुडत असतं. त्यातून ते काही न खाता आलेलं असेल तर आतली चूलही मंद. थंडीतल्या प्राण्यांचा धडा शिकवताना आपली नजर तक्त्यावरून जरा त्या पोराकडं वळली पाहिजे. स्वेटर प्रत्येकाला देता येईलच असं नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहिला तास फरशीवर बसवून न घेता बाहेर कोवळ्या उन्हात घेता येतो, फरशीवर एक तरट अंथरता येतं, मुलांना जवळ जवळ बसवता येतं. त्याला परवानगी लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

आणि ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांनी या थंडीत माळ्यावरचं घोंगडं खाली काढावं, फ्रीजमधून बर्फाचे दोन खडे घ्यावेत, आणि आधी कुठला वितळेल ते नातवाला विचारावं. उत्तर सांगू नका हं. अर्धा तास थांबा.